उंबरठ्यापासून मोज गं!

अगं, आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. अकोला ते मुंबई हवाई अंतर साधारण ४७० किलोमीटर. पण अकोल्याहून प्रवासी विमान उडत नाही, तेव्हा हा आकडा नुसता ठाऊक असू दे. तुझ्या कामाचा आकडा अमरावती-मुंबईचा. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ५४० किलोमीटर, आणि वेळापत्रकातला वेळ पावणेदोन तास.

पावणेदोन तास वाचून हरखलीस ना? हरखू दे. पण तेवढ्यावर ठाण्याच्या वहिनींना ‘आम्ही दोन तासांत पोचतो’ असं कळवून बसू नकोस. कडेवर दीड वर्षाचं लेकरू, सोबत गुडघ्यांनी बेजार सासूबाई, नणंदेच्या डोहाळजेवणाचं सामान, आणि घरच्यांना ऐन वेळी सुट्टी नाही. अंतर विचारताना तुझ्या मनात खरा प्रश्न कोणता होता, तो मला कळला बरं. मला एकटीला हे सगळं जमेल का, हाच ना? जमेल. तू घर, बाळ आणि नोकरी रोज सांभाळतेस, हा तर एका दिवसाचा प्रवास आहे. फक्त मोजायचं कसं ते मी सांगते तसं मोज. विमान उडल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ धरायचा नाही. आपल्या उंबरठ्यापासून त्यांच्या उंबरठ्यापर्यंतचा वेळ धरायचा.

बघ, अंतर एकच असतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. अकोल्याहून मुंबईच्या सीएसएमटीपर्यंत रेल्वेनं ५८४ किलोमीटर होतात. गाडी भुसावळ, मनमाड करत इगतपुरीला येते, कसाऱ्याचा घाट उतरते, मग कल्याण-ठाण्याला लागते. रूळ डोंगर आणि नद्या बघून टाकलेले असतात, म्हणून ते वळणं घेतात. हवाई अंतर म्हणजे जमिनीवरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची रेषा. म्हणून रेल्वेच्या ५८४ समोर हवाई ४७० दिसतात. हे शंभरेक किलोमीटर कोणी चोरले नाहीत, ते घाटात आणि वळणांत असतात.

आता गंमत अशी, की बेलोऱ्यापासून मुंबईपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेष ओढलीस, तर ती बार्शीटाकळीवरून जाते. म्हणजे तुझ्या घराच्या अगदी बाजूनं! पुढं ती छत्रपती संभाजीनगरला घासून, संगमनेर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या बाजूनं मुंबईकडं जाते. विमान अगदी पट्टी लावल्यासारखं जात नाही, ठरलेल्या हवाई वाटेनं थोडं इकडंतिकडं होतं. पण मुद्दा लक्षात घे. आधी तू शंभर किलोमीटर पूर्वेला अमरावतीकडं जाणार आणि मग विमान तुला परत अकोल्याच्या बाजूनंच पश्चिमेला नेणार. हे उलटं जाणं तिकिटावर कुठं लिहिलेलं नसतं. ते आपल्या हिशेबात आपणच लिहायचं.

दुसरा प्रश्न तू विचारशीलच. विमान एवढं वेगात जातं, तर ५४० किलोमीटरला पावणेदोन तास कशाला? अमरावतीला येतं ते एटीआर विमान. दोन्ही बाजूंना पंखे फिरताना दिसतात ते. सत्तरेक माणसांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नागपूर-मुंबई जातात ती मोठी जेट विमानं ताशी ८०० ते ८५० किलोमीटरनं जातात. एटीआरनं ५४० किलोमीटर म्हणजे नुसत्या उडण्याचे तास-सव्वा तास झाले. मग उरलेला वेळ कुठं गेला?

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या गावी जागेवर थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, चढताना कमी वेग, उतरण्याआधी रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा हळूहळू जागेवर येणं, सगळं त्यात धरतात. अगं, पोळ्यांचा वेळ तू कसा धरतेस? तव्यावर पोळी मिनिटभरच असते, पण कणीक भिजवण्यापासून डबा भरेपर्यंतचा वेळ धरलास तरच सकाळ सुधारते. हेही तसंच. त्यातून मुंबईच्या सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळं दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं चालवता येत नाहीत. उतरणाऱ्या विमानांची रांग लागते आणि विमानाला आकाशात एखादी फेरी मारावी लागते. असं झालं तर घाबरू नकोस. विमानात काही बिघाड झालेला नसतो, रांग लागलेली असते. वैमानिकांसाठी ही रोजची गोष्ट असते आणि त्यासाठीचं जादा इंधन विमानात आधीच भरलेलं असतं.

आता बेलोऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण सासूबाई विचारतीलच, ‘अमरावतीला कधीपासून विमान?’ तर १६ एप्रिल २०२५ पासून. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं विमान मुंबईसाठी सुरू झालं. धावपट्टी १,८५० मीटरची. एटीआरला ती पुरते, मोठ्या जेटला आणखी लांब लागते. म्हणून सध्या इथं छोटं विमान. सुरुवातीचं वेळापत्रक आठवड्यातून तीन दिवसांचं होतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी अडीचला मुंबईहून निघून सव्वाचारला अमरावती, आणि तिथून चार चाळीसला निघून सहा पंचवीसला मुंबई. दोन्हीकडून पावणेदोन तास.

पण हे दिवस आणि वेळा पाठ करून ठेवू नकोस बरं. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि मध्येही फेरफार होतात. शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नकोस. तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर स्वतः बघ, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघ. आणखी एक. हे विमान ‘उडान’ योजनेतलं आहे. या योजनेत ठरावीक जागा सवलतीच्या दरात असतात आणि त्या आधी संपतात. म्हणून डोहाळजेवणाची तारीख ठरली की त्याच दिवशी तिकीट काढ.

‘मग अकोल्याला विमानतळ नाही का?’ आहे की! शिवणीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तुझे आजेसासरे सांगत असतील तो तोच. धावपट्टी लांबवायचा विषय किती वर्षं चालू आहे ते अख्ख्या अकोल्याला माहीत आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन, आणखी लागणारी जमीन, मोजणी, प्रस्ताव. मला मनापासून वाटतं, की शिवणीहून विमान उडायलाच हवं. अकोला ही कापसाची आणि डाळीची मोठी बाजारपेठ, जवळच शेगाव, वाशीम-बुलढाण्याची माणसं दवाखान्यासाठी इथं येतात. आजारी माणसाला शंभर किलोमीटर उलटं न्यावं लागणं ही साधी गोष्ट नाही. पण तुझ्या नणंदेचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे, म्हणून आज आपण बेलोऱ्याचाच हिशेब करू.

घे कागद. खरंच घे, फोनवर नको, कागदावर लिही म्हणजे घरच्यांनाही दिसेल.

जठारपेठेतल्या घरून बेलोऱ्यापर्यंत साधारण शंभर किलोमीटर. मूर्तिजापूर, बडनेरा आणि मग यवतमाळ रस्त्यानं विमानतळ. रस्ता चांगला आहे. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता, आठवतंय ना? तरी लेकराला एकदा खाली उतरवायचं, सासूबाईंना पाय मोकळे करायचे, म्हणून सव्वादोन तास धर. विमानतळावर दोन तास आधी. एकटी असतीस तर दीड तास म्हटलं असतं, पण बाळ आणि चाकाची खुर्ची असताना दोनच. विमानाचे पावणेदोन. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. तिथून ठाण्याला गाडीनं सव्वा तास, संध्याकाळची वेळ असेल तर मनाची तयारी आणखी थोडी.

आता बेरीज कर. सव्वादोन, दोन, पावणेदोन, पाऊण, सव्वा. झाले आठ तास. पावणेदोन तासांचा प्रवास आठ तासांचा निघाला. त्यात विमान आकाशात असतं जेमतेम सव्वा तास.

निराश होऊ नकोस, पुढं ऐक. आता हाच हिशेब रेल्वेचा. अकोल्याहून रात्री गाडीत बसलीस की सकाळी ठाणे. घरून स्टेशन, गाडी आणि ठाणे स्टेशनहून वहिनींचं घर, सगळे मिळून दहाएक तास. म्हणजे विमानानं दोन तास वाचतात, रेल्वेत रात्रीची झोप मिळते आणि दिवस मोकळा राहतो. खरं सांगू का, खालचे दोन बर्थ कन्फर्म मिळत असतील तर अकोल्याच्या माणसाला ठाण्यासाठी रात्रीची गाडी आजही उत्तम. सासूबाईंना आडवं होता येतं, लेकरू झोपतं, आणि गाडी थेट ठाण्याला थांबत असेल तर मुंबईची टॅक्सी लागत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख ठरताच ते आधी बघ.

पण लग्नसराई, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, यात वेटिंगचा आकडा बघूनच धडकी भरते. वेटिंगच्या भरवशावर गुडघेदुखीचं माणूस आणि तान्हं लेकरू घेऊन फलाटावर उभं राहायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा बेलोऱ्याचं विमान घ्यायचं, आणि मनात दोन तास न धरता आठ तास धरायचे. आठ तास धरून निघालेली बाई शांत असते. दोन तास धरून निघालेलीला मूर्तिजापूरलाच घाम फुटतो.

तुझे ‘हे’ म्हणतील, ‘नागपूरहून भरपूर विमानं आहेत, तिथूनच जा ना!’ बरोबर आहे, तिथून विमानं पुष्कळ. पण मुंबईसाठी नको गं. अकोल्याहून नागपूर २५० किलोमीटर, गाडीनं साडेचार-पाच तास. तिथून मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर, वेळ दीड तासाच्या आसपास. ती रेषही ओढून बघ. ती पातूरजवळून जाते! म्हणजे अडीचशे किलोमीटर पूर्वेला जाऊन परत आपल्याच जिल्ह्यावरून पश्चिमेला. उंबरठ्यापासून मोजलंस तर दहा-अकरा तास होतात. मग रेल्वेनं काय वाईट केलं?

नागपूर कामाचं केव्हा, ते ऐकून ठेव, पुढं लागेल. जायचं गाव उत्तरेला, दक्षिणेला किंवा पूर्वेला असेल तेव्हा. नागपूर देशाच्या मध्यावर, त्यामुळं तिथून सगळी मोठी शहरं सारख्याच पल्ल्यात येतात. दिल्ली साधारण ८५० किलोमीटर, बंगळुरू ८९० च्या आसपास, कोलकाता हजाराला थोडं कमी. तिन्हीकडं थेट विमान मिळालं तर दीड ते दोन तास. तुझा भाचा बंगळुरूला नोकरीला लागलाय ना? त्याच्याकडं जायचं तर अकोला-नागपूर रेल्वे आणि पुढं विमान. रेल्वेत बसून गेलीस तर ड्रायव्हरची, रस्त्याची चिंता नाही. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडला लागून आहे आणि त्या रोडवर मेट्रोही धावते. फक्त रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये किमान चार तास मोकळे ठेव. गाडी तासभर उशिरा आली तरी तुझं विमान चुकू नये, यासाठी ते चार तास. ते वाया गेले असं म्हणू नकोस.

आणि हो, पश्चिमेला जळगावहूनही छोटी विमानं उडतात. अकोल्याहून जळगाव रेल्वेनं १६४ किलोमीटर. बाळापूर-शेगावकडची माणसं तो पर्यायही बघू शकतात. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळही आहे. पण प्रत्येक वेळी तोच कागद, तीच पाच रकान्यांची बेरीज. घर ते विमानतळ, थांबणं, उड्डाण, बाहेर पडणं, पुढचं घर. जिथं बेरीज कमी आणि चढउतार कमी, ती वाट आपली.

मुंबईचं तिकीट काढताना आता आणखी एक गोष्ट बघायची. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं. म्हणजे ‘मुंबई’ लिहिलेलं विमान सांताक्रूझला उतरतंय की नवी मुंबईला, ते तिकिटावर नीट वाच. ठाण्याला घ्यायला येणारे भाऊजी एका विमानतळावर आणि तू दुसऱ्या विमानतळावर असं व्हायला नको. सांताक्रूझला असेल तर टर्मिनल कोणतं, १ की २, तेही वाच आणि भाऊजींना तिकिटाचा फोटोच पाठवून दे.

आता तुझ्या लेकराची काळजी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी सीट घ्यावी लागत नाही, ते मांडीवर. पण तिकिटात त्याचं नाव घालावं लागतं आणि वयाचा पुरावा लागतो. जन्मदाखला किंवा बाळाचं आधार कार्ड पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेव, मोठ्या बॅगेत नको. विमान उतरायला लागलं की कान दडपतात. मोठ्यांना ते कळतं, बाळाला कळत नाही, म्हणून ते रडतं. तेव्हा उतरायच्या वीस मिनिटं आधीपासून त्याला पाज किंवा बाटली दे. चोखताना आणि गिळताना कानातला दाब मोकळा होतो. म्हणून घरून निघताना पोटभर पाजून ते काम संपवू नकोस, थोडी भूक त्या वेळेसाठी राखून ठेव. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना दाखव. आणि तरी रडलंच, तर रडू दे गं. त्या विमानातल्या निम्म्या बाया तुझ्याकडं बघून आपल्या लेकरांची आठवण काढत असतील. कोणी कपाळाला आठी घातली तर तिकडं बघायचंच नाही.

सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून घे, निदान ४८ तास आधी तरी. अमरावतीला आणि मुंबईला, दोन्हीकडं. त्या म्हणतील, ‘मी काय म्हातारी झाले का खुर्चीत बसायला?’ तेव्हा वाद घालू नकोस. मुंबईच्या विमानतळावर किती चालावं लागतं ते सांग आणि डोहाळजेवणात त्यांना ओटी भरायला ताजंतवानं उभं राहायचंय हेही सांग. त्या ऐकतील. एटीआरला मागच्या दारातून थोड्याच पायऱ्या चढून आत जायचं असतं, जेटच्या उंच जिन्यासारखं नसतं. त्या पायऱ्या चढत असताना तू पुढं होऊ नकोस, मागं राहा, आणि लेकरू तेवढा वेळ मदतनीस ताईंकडं दे. मागायला लाजू नकोस, मदत करणं त्यांच्या कामातच येतं. या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, म्हणून खालचं सगळं स्वच्छ दिसतं. सासूबाईंना खिडकीची जागा दे. आयुष्यभर ज्या रस्त्यानं एसटीनं फिरल्या, तो मुलूख वरून बघू दे त्यांना.

सामानाचं मात्र कडक सांगते. छोट्या विमानात हातातल्या बॅगेचं आणि खाली द्यायच्या बॅगेचं वजन मोजून घेतात. तुझ्या तिकिटावर किती किलो लिहिलंय ते वाच आणि घरीच वजनकाट्यावर बॅग ठेवून बघ. ठेचा आणि लोणचं खाली द्यायच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. हातातल्या पिशवीत नको, तिथं अडवतात. सुकं खोबरं तर घेऊच नकोस. वाळलेल्या खोबऱ्यात तेल असतं, ते लवकर पेटतं, म्हणून ते खाली द्यायच्या सामानात चालत नाही. वऱ्हाडी रस्स्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या ठाण्यातही मिळतात. ओटीचा नारळही तिथंच घे. काडेपेटी आणि लायटर घरी. पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, खाली द्यायच्या बॅगेत गेली तर बॅग परत उघडायला लावतात. बाळाचं दूध, खिचडीचा छोटा डबा, एक जादा कपड्यांचा जोड, दोन-चार लंगोट, सासूबाईंच्या गोळ्या आणि सगळ्यांची ओळखपत्रं, एवढं हातातल्या पिशवीत. बाकी सगळं खाली देऊन टाक. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात ही एकच पिशवी, यापेक्षा जास्त ओझं घ्यायचं नाही.

उशीर झाला तर? होऊ शकतो, विशेषतः पावसाळ्यात मुंबईकडं आणि हिवाळ्यात धुकं असलं की. अशा छोट्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीनं करायची असते. उशीर सहा तासांच्या पुढं जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक मागायचा तुला हक्क आहे. रद्द झालं तरी तसंच. आवाज न चढवता, पण ठामपणे मागायचं. आणि कार्यक्रमाच्या दिवशीचं विमान घ्यायचंच नाही, निदान एक दिवस आधीचं घे. आठवड्यातून मोजकेच दिवस विमान असताना आजचं चुकलं तर उद्याचं मिळेलच असं नसतं. तसं झालं तर बडनेऱ्याचं स्टेशन बेलोऱ्याहून जवळ आहे, तिथून रात्रीची गाडी पकडता येते. ही दुसरी वाट त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेव, तेवढ्यानंच निम्मं टेन्शन जातं.

तुझे दीर दुबईला बोलावताहेत, ते कळलंय मला. तर जाता जाता एवढं ऐक. परदेशाच्या तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून सकाळी दहाला निघून पावणेबाराला पोचलं असं दिसेल, पण प्रवास असतो सव्वातीन तासांचा. अमेरिकेच्या तिकिटात तर मोठी माणसंही चक्रावतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कचं घड्याळ साडेदहा तास मागं असतं. मुंबईहून रात्री एकला निघालेलं विमान सोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरतं. कागदावर साडेपाच तास, अंगावर सोळा. आणि वाराही मोजावा लागतो. खूप उंचावर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबई-लंडन जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना साधारण तासभर कमी. आपलं एटीआर मोठ्या जेटइतकं उंच जात नाही आणि पल्लाही छोटा, म्हणून अमरावतीला जाता-येता वेळापत्रकात फरक दिसत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी दोन कामं कर. आधी रेल्वेचे खालचे बर्थ बघ. मिळाले तर तेच. नाही मिळाले तर डोहाळजेवणाच्या एक-दोन दिवस आधीचं बेलोऱ्याचं विमान काढ, सासूबाईंची खुर्ची त्याच वेळी माग, बाळाचं नाव घाल. मग त्या कागदावर तारीख टाकून पाच रकाने भर आणि विमान दुपारचंच असेल तर ठाण्याच्या वहिनींना कळव, की दुपारी जेवून निघू आणि रात्रीच्या जेवणाला पोचू. त्यांना म्हणावं, भात जरा उशिरा लाव.